कू चीची भुयारं आणि आपली घाई

व्हिएतनामच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांच्या संचालकांना, कार्यक्रम आखणाऱ्यांना आणि गटाबरोबर फिरणाऱ्या टूर मॅनेजरांना,



पत्र तक्रारीचं आहे. पण जे श्रेय तुमचं आहे ते आधी देऊन टाकतो. इंग्रजी येत नाही म्हणून परदेशाचं नाव न काढणारी माणसं तुमच्या भरवशावर हानोईच्या रस्त्यांत स्कूटरींचा लोंढा ओलांडून पलीकडे जाऊ लागली. व्हिसाची कागदपत्रं, जैन जेवणाची वेगळी सोय, सुजलेले पाय, चुकलेली बॅग, खिडकीच्या जागेवरून झालेले रुसवेफुगवे, हे सगळं तुम्ही निभावता. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान सुरू झाल्यापासून तर ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या मंडळींना व्हिएतनाम हा घरोब्यातला देश वाटू लागला आहे. त्यात तुमचा वाटा मोठा आहे.

हे पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारणही तेच. हो ची मिन्ह सिटीजवळच्या कू चीच्या युद्धकाळातल्या भुयारांची व्यवस्था पाहणाऱ्यांना मी लिहीत नाही. आपल्या इतिहासाचं काय करावं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. आपल्या माणसांना तो किती वेळात, कोणाच्या तोंडून आणि कशा सुरात दाखवायचा, हे मात्र तुमच्या कार्यालयात ठरतं. आणि ते फार घाईत ठरतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सकाळी कू ची, दुपारनंतर बेन थान बाजारात खरेदी, अशा अर्थाची एक ओळ जवळपास प्रत्येकात सापडते. त्या ओळीचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मी ज्या संस्थेच्या गटातून गेलो तिचं नाव लिहीत नाही. वेगवेगळ्या संस्थांबरोबर जाऊन आलेल्यांशी नंतर बोललो, तर सगळ्यांची हकीकत तीच निघाली.

सायगावातून सकाळी बस निघते. शहराचं नाव बदलून हो ची मिन्ह सिटी केल्याला अर्धं शतक होत आलं, तरी तिथे बोलताना सर्रास सायगावच म्हणतात. गर्दीतून वाट काढत पोचायला दीड-दोन तास लागतात. उतरल्याबरोबर टूर मॅनेजर घड्याळ दाखवून परतायची वेळ सांगतो. मग एक जुनी कृष्णधवल फिल्म, तीही निम्मी. बांबूच्या अणकुचीदार खुंट्यांचे सापळे. पाचोळ्याने झाकलेल्या चौकोनी झडपेत उतरून, झाकण डोक्यावर धरून फोटो. निकामी झालेल्या अमेरिकन रणगाड्यापाशी फोटो. हौस असेल त्यांना पैसे भरून बंदुकीच्या दहा गोळ्या. भुयारात थोडंसं रांगणं, बाहेर आल्यावर टाळ्या. उकडलेल्या कंदाचे दोन तुकडे, आणि चला बसमध्ये. स्थानिक गाइड चार-पाच मिनिटं जीव ओतून काही सांगतो, त्याचं मराठी होतं एका वाक्यात: ‘इथून ते लपून गोळ्या मारायचे.’

कोण मारायचे, कोणाला, आणि उरलेल्या वेळात ती माणसं जमिनीखाली करत काय होती, हे विचारायला फुरसत नसते.

म्हणून ते इथे थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या टूर मॅनेजरांनी यातलं हवं ते उचलावं.

सुरुवात मातीपासून करावी, कारण कोकणातल्या माणसाला ती लगेच कळेल. कू चीची जमीन जांभ्याच्या जातीची, लाल आणि चिकण. पावसाळ्यात खणायला मऊ, वाळली की लाकडी टेकू न लावता छत तोलून धरण्याइतकी कठीण. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंचांविरुद्ध लढताना गावोगावी लपण्यापुरती भुयारं खणली गेली. १९६० च्या दशकात अमेरिकेशी आणि दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याशी लढणाऱ्या गनिमांनी ती एकमेकांना जोडत नेली आणि त्यांचं जाळं झालं. हत्यारं म्हणजे आखूड दांड्याची कुदळ आणि बांबूची टोपली. उपसलेल्या मातीचा ढीग विमानातून दिसला असता, म्हणून ती शेतात पसरायची, नदीत सोडायची, बॉम्बने पडलेल्या खड्ड्यांत लोटायची. ऐन भरात या जाळ्याची लांबी २०० किलोमीटरच्या वर गेली होती.

तीन थर होते. वरचा तीन-चार मीटर खोल, मधला सहाच्या आसपास, सगळ्यांत खालचा आठ-दहा मीटरवर. झोपायच्या जागा, दवाखाना, धान्याची आणि दारूगोळ्याची कोठारं, बैठकीची खोली, विहिरी असं सगळं खाली. वाटा मुद्दाम वाकड्या ठेवलेल्या, म्हणजे गोळी सरळ जाऊ नये आणि स्फोटाचा झोत वळणावर थोपावा. काही ठिकाणी वाट खाली नेऊन परत वर घेतलेली आणि मधल्या खोलगट भागात पाणी भरलेलं. वरून वायू सोडला तर तो पाण्याशी अडावा यासाठी. हवेसाठी बांबूच्या नळ्या वर नेल्या, त्यांची तोंडं वारुळांत लपवली. ती हुंगायला अमेरिकन कुत्री आली, तेव्हा तोंडाशी तिखटाची पूड टाकली. पुढे अमेरिकन साबणच तिथे ठेवू लागले, म्हणजे कुत्र्याला आपल्याच माणसाचा वास यावा.

आणि चूल. तुमच्या गटातल्या प्रत्येक बाईला या चुलीपाशी थांबायला आवडेल. होआंग काम नावाच्या लष्करी आचाऱ्याने फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात ती रचली होती. धूर एकदम वर न सोडता लांबच लांब चरांमधून फिरवायचा. चरांवर फांद्या आणि ओली माती. फिरता फिरता धूर निवतो, विरळ होतो आणि जमिनीलगत धुक्यासारखा बाहेर पडतो. स्वयंपाकही पहाटेच, खरं धुकं असतानाच. विमानांपासून लपून माणसांना जेवू घालण्याची ही रीत ज्याने शोधली त्याचं नाव त्या देशाने चुलीला दिलं. इथे पाच मिनिटं थांबायला काय हरकत होती?

तो उकडलेला कंद आणि सोबत दाण्याचा कूट, तीळ, साखर, मीठ. टूर मॅनेजरने ‘टॅपिओका’ म्हणून हातावर ठेवला आणि पुढे ढकललं. हाच कसावा. ज्याच्या सत्त्वापासून तमिळनाडूत सेलमकडचे कारखाने आपला साबुदाणा करतात, तोच. आपल्याला तो दाण्याच्या कुटाबरोबर खायची सवय उपासामुळे, त्यांना भाताची वानवा म्हणून. हे एक वाक्य माइकवर बोललं असतं, तर एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या अख्ख्या बसला त्या भुयारातली पंगत दिसली असती.

एवढं ऐकून मंडळी ‘काय डोकं लावलंय’ म्हणतील. तिथेच सोडलं तर तीही फसवणूक होईल, कारण या हुशारीची किंमत सांगायची राहून जाते. बॉम्बहल्ले चालू असले की माणसं दिवसच्या दिवस खाली राहत. हवा कोंदट, अंधार, पाणथळ, साप-विंचवांचा सुळसुळाट. अंधार पडल्यावर वर येऊन शेतं कसायची, विहिरीचं पाणी भरायचं, मेलेल्यांना पुरायचं. जखमांखालोखाल माणसं मलेरियाने मेली.

जानेवारी १९६६ मध्ये ‘ऑपरेशन क्रिम्प’ नावाची मोहीम झाली. सुमारे ८,००० अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिक या भागात उतरले. तोवर भुयार सापडलं की तोंड उडवून द्यायचं, एवढंच केलं जाई. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या इंजिनिअरांची तुकडी आत शिरून शोध घेऊ लागली, तेव्हा हे प्रकरण किती मोठं आहे याचा अंदाज आला. पुढे अमेरिकन सैन्यात लहान चणीच्या सैनिकांना टॉर्च आणि पिस्तूल देऊन आत पाठवू लागले. त्यांना ‘टनेल रॅट’ म्हणत. यातले पुष्कळसे विशीच्या आसपासचे पोरगे होते. पुढच्या जानेवारीत, १९६७ मध्ये, ‘ऑपरेशन सीडर फॉल्स’. अमेरिकेचे आणि दक्षिण व्हिएतनामचे मिळून जवळपास ३०,००० सैनिक. जवळच्या बेन सुक गावातली सहा हजारांच्या आसपास माणसं ट्रकांत आणि बोटींत घालून हलवली, घरं जाळली, बुलडोझर फिरवले. जोनाथन शेल हा तरुण अमेरिकन वार्ताहर तिथे होता. त्याचं ‘द व्हिलेज ऑफ बेन सुक’ त्याच वर्षी आलं. दशक संपता संपता बी-५२ विमानांच्या बॉम्बवर्षावाने भुयारांचा मोठा भाग ढासळला.

कू चीला भुयारं पाहण्याच्या दोन जागा आहेत. बेन दिन्ह शहराला जवळ, म्हणून बहुतेक गट तिथेच जातात. बेन जुओक थोडी पुढे आहे. तिथे स्मारक-मंदिर आहे आणि त्याच्या भिंतींवर या परिसरात फ्रेंचांशी आणि अमेरिकनांशी लढताना मेलेल्यांची नावं कोरली आहेत, चाळीस हजारांहून अधिक. ज्या मंडळींना तुम्ही रणगाड्यापाशी उभं करता, त्यांना या भिंतीपुढेही उभं करता आलं असतं. बसला थोडंसंच अंतर जास्त पडलं असतं.

आता जरा नाजूक विषय. परतीच्या बसमध्ये माइक हातात घेऊन टूर मॅनेजरने ती गोष्ट सांगितली, जी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा इतिहास वाचून. त्यांच्या एका नेत्याच्या समाधीवर आपण महाराजांचे मावळे असल्याचं कोरलेलं आहे. त्यांच्या परराष्ट्रमंत्री रायगडावर येऊन तिथली माती घेऊन गेल्या. बसमध्ये घोषणा झाल्या. पुढच्या सीटवरच्या व्हिएतनामी गाइडला काही कळत नव्हतं, तरी तो शिष्टाचार म्हणून हसत होता.

ही गोष्ट वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरते आहे. समाधी कोणाची, कोणत्या गावात, याचा पत्ता तीत कधीच नसतो. इतके गट व्हिएतनामला नेऊनही तुमच्यापैकी एकाही संस्थेने ती समाधी कार्यक्रमात घातलेली नाही, यातच काय ते आलं. उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी करणाऱ्या राजाला सायगावच्या दाखल्याची गरज नाही. आणि ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेलो, त्यांच्या पराक्रमाचं श्रेय त्यांच्याच अंगणात उभं राहून आपल्या नावावर लावणं हे महाराजांच्या रीतीला धरून तर मुळीच नाही.

त्यांची स्वतःची परंपरा काही कमी नाही. ९३८ साली न्गो क्वेनने बाक डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवले, भरतीच्या पाण्यात चिनी आरमाराला आत येऊ दिलं आणि ओहोटी लागल्यावर जहाजं त्या खांबांवर अडकवली. १२८८ मध्ये त्याच नदीवर त्रान हुंग दाओने मंगोलांच्या आरमाराची तीच गत केली. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला व्हो न्गुएन झाप यांच्या फौजेने जड तोफा माणसांकरवी डोंगरावर ओढून नेल्या आणि खंदक खणत खणत फ्रेंचांचा तळ आवळत आणला. हे माइकवर सांगा. मराठी माणसाला दुर्ग, खिंडी आणि रयतेची साथ यांचं मोल ठाऊक आहे. तो साम्य आपलं आपण ओळखेल. तुम्ही खोटा पुरावा चिकटवायची गरज नाही.

गोळीबाराच्या जागेबद्दल. एके-४७ किंवा एम-१६ निवडायची, गोळ्यांचे पैसे भरायचे, कानांवर संरक्षक लावायचे आणि नेम धरायचा. ती सोय तिथली आहे, तुम्ही बंद करू शकत नाही, हे कळतं. पण गटाचा किती वेळ तिथे जावा हे तुम्ही ठरवता. आमच्या गटात मोजक्यांनी गोळ्या झाडल्या आणि बाकीचे, त्यात शाळकरी मुलंही होती, बाकांवर बसून आवाज सोसत होते. तो सगळा वेळ ज्यांना नको होतं त्यांच्याही वाट्यातून कापला गेला. कोणाची हौस असेल तर त्याने जरूर करावी. बाकीच्यांना त्या वेळात गाइडबरोबर पुढे जाऊ द्या, आणि पत्रकात गोळीबाराला सहलीचं आकर्षण म्हणून मिरवणं थांबवा.

भुयारात उतरण्याविषयी आधी कोणी काही सांगत नाही, हीही तक्रार आहे. पर्यटकांसाठी रुंद केलेला भागही ओणवं होऊन, काही ठिकाणी गुडघे टेकून जाण्याइतकाच आहे. मधूनमधून बाहेर पडायच्या वाटा आहेत, पण आत शिरल्यावर पुढे माणूस आणि मागे माणूस. तुमच्या गटांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, कोणाला दमा, कोणाला बंद जागेत जीव घाबरतो. ‘काही होत नाही काका, चला’ असं म्हणून मागून ढकलण्यात आपुलकी असेल, पण जबाबदारी नाही. ज्यांना उतरायचं नाही त्यांना वर थांबून चूल, विहीर, वारुळातली हवेची तोंडं नीट पाहता आली पाहिजेत. कू ची वरूनही कळतं, सांगणारा हवा.

आता एक सुचवतो. बहुतेक कार्यक्रमांत मध्य व्हिएतनाममधलं दा नांग आणि होई आन असतंच. बा ना हिल्सवरच्या सोनेरी पुलासाठी तुम्ही अख्खा दिवस देता. त्याच पट्ट्यात उत्तरेला हुए हे जुन्या राजधानीचं शहर आहे, आणि हुएहून साधारण शंभर किलोमीटरवर, एका दिवसात जाऊन येण्यासारखी, विन्ह मोकची भुयारं आहेत. मराठी गट तिथे क्वचितच दिसतात.

वाटेत बेन हाई नदी लागते. जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर १७ व्या अक्षांशाच्या आसपास, याच नदीवर, व्हिएतनामचे दोन भाग झाले. दोन वर्षांत निवडणुका होऊन देश एक व्हायचा होता. त्या झाल्याच नाहीत, आणि युद्ध संपून एकत्र येण्याची वाट मोकळी व्हायला १९७५ चा एप्रिल उजाडला. नदीवर हिएन लुओंग पूल आहे. तेव्हाचा पूल १९६७ मध्ये बॉम्बहल्ल्यात पडला, आज दिसतो तो पुन्हा उभारलेला. दोन बाजूंचे दोन रंग, दोन्ही तीरांवर एकमेकांना ऐकवण्यासाठी लावलेले कर्णे, समोरच्यापेक्षा आपला ध्वज उंच असावा म्हणून वाढत गेलेले खांब, अशी त्या पुलाची कहाणी आहे.

भारताचा व्हिएतनामशी खरा धागा हवा असेल तर तो इथे आहे, आणि त्याला कागदपत्रांचा आधार आहे. जिनिव्हा करारावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्यात भारत, कॅनडा आणि पोलंड होते आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. आपले मुत्सद्दी आणि लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं या देशात पाहणी करत फिरले. १९६२ मध्ये भारत आणि कॅनडाने मिळून दिलेल्या अहवालात दोन्ही बाजूंवर कराराच्या भंगाचा ठपका होता. पोलंडने त्याला विरोध नोंदवला. युद्ध काही आयोगाला रोखता आलं नाही. तरीही त्या पुलावर उभं राहून आपल्या माणसांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. हिच्यावर टाळ्या पडणार नाहीत, पण घरी गेल्यावर कोणी ती पडताळून पाहिली तर खरी निघेल.

पुढे समुद्राकाठी विन्ह मोक. हे मुख्यतः राहण्यासाठी खणलेलं भुयार, आणि म्हणूनच कू चीपेक्षा वेगळं. उत्तरेकडच्या या किनाऱ्यावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा गावच्या लोकांनी टेकडीच्या पोटात गाव नेलं. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या वाटा, १२, १५ आणि २३ मीटर खोलीचे तीन थर, काही तोंडं टेकडीकडे आणि काही समुद्राकडे उघडणारी. साठेक कुटुंबं १९६६ पासून १९७२ पर्यंत इथे राहिली. भिंतीत कोरलेली एका कुटुंबाची खोली म्हणजे एक कोनाडा. आपल्या चाळीतली मोरीही त्याहून ऐसपैस. विहीर, स्वयंपाकाची जागा, पन्नास-साठ माणसांची बैठक भरेल असा दालनवजा भाग, दवाखाना आणि बाळंतिणीची खोली. त्या वर्षांत इथे १७ मुलं जन्मली. एक बॉम्ब थेट भुयारावर पडला पण फुटला नाही, आणि त्याने पाडलेलं भोक हवेसाठी वापरलं, असं तिथे सांगतात. शिवाय याच गावातून समोरच्या कोन को बेटावर रात्री होड्यांनी रसद जात असे, त्यामुळे ते निव्वळ निवाऱ्याचं ठिकाणही नव्हतं. हेही सांगायला हवं.

तुमच्या दृष्टीने आणखी एक सोय: विन्ह मोकच्या बऱ्याचशा वाटांत मान वाकवून उभ्याने चालता येतं. कू चीला ज्यांना वर थांबावं लागतं, त्यांतल्या अनेकांना हे भुयार आतून पाहता येईल. मात्र दिवाळीच्या सुट्टीतल्या गटांना इकडे आणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाचा, पुरांचा काळ. फेब्रुवारी ते एप्रिलचे गट योग्य. मे महिन्यात ऊन फार असतं, पण निघता येतं. विन्ह मोक ज्यात येतं त्या क्वांग त्री प्रांतात न फुटलेले बॉम्ब अजूनही जमिनीत आहेत, युद्ध संपल्यानंतरही त्यांनी माणसं मारली आहेत. तेव्हा मळलेली वाट सोडून फोटोसाठी झुडपांत शिरायचं नाही, हे बसमध्येच बजावावं लागेल.

तुम्ही म्हणाल, ‘लोकांनाच खरेदी हवी असते. युद्धबिद्ध कोणाला ऐकायचंय? सुट्टीवर आलेत.’ पहिली गोष्ट, लोकांना विचारलंय कधी? परतल्यावर भरून घेता त्या अभिप्रायाच्या फॉर्मात जेवण, हॉटेल, बस आणि टूर मॅनेजरची वागणूक यांवर गुण मागता. आज काय नवीन कळलं, यासाठी रकाना नसतो. दुसरी गोष्ट, हीच माणसं रायगडावर गेली तर वाटाड्याला तासभर सोडत नाहीत, टकमक टोकावर प्रश्नांची सरबत्ती करतात. त्यांना इतिहासाचं वावडं नाही. परदेशात तो त्यांच्या भाषेत कोणी वाढत नाही, एवढंच.

तर नेमक्या मागण्या लिहितो.

एक. कू चीसाठी पूर्ण दिवस ठेवा. सकाळी भुयारं, शक्यतो बेन जुओकला आणि तिथल्या स्मारक-मंदिरासह. दुपारी सायगावातलं युद्धस्मृती संग्रहालय. हे संग्रहालय १९७५ मध्ये अमेरिकेच्या आणि तिच्या हस्तकांच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन अशा नावाने सुरू झालं. अमेरिकेशी संबंध पूर्ववत झाले त्या १९९५ साली त्याला आजचं सौम्य नाव मिळालं. दोन्ही बाजूंकडच्या, युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांची छायाचित्रं तिथे एकत्र मांडलेली आहेत. भुयारापाशी दाखवतात ती फिल्म एका बाजूची आहे आणि दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात लढलेलेही व्हिएतनामीच होते, हे सांगायला यासारखी जागा नाही.

दोन. निघण्यापूर्वी गटाची जी भेट घेता, ज्यात बॅगेचं वजन आणि डॉलरचा भाव सांगता, तिथे अर्धा तास या देशाच्या इतिहासाला द्या. सोबत मराठीत चार पानी टिपण द्या: फ्रेंच कधी आले, देश का तुटला, अमेरिका कशी शिरली, कधी गेली.

तीन. टूर मॅनेजरला दुभाष्याचं काम शिकवा. स्थानिक गाइड बोलतो तेवढं मराठीत आलंच पाहिजे. प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवा. त्या गाइडच्या घरातही कोणी तरी त्या युद्धात कुठल्या तरी बाजूने होतं, याचं भान ठेवून प्रश्न विचारायला सांगा.

चार. महाराजांच्या नावाची ती गोष्ट बंद करा. ज्याला ती खरी वाटते त्याने समाधीचा पत्ता आणावा. मग आपण सगळे मिळून दर्शनाला जाऊ.

पाच. भुयाराची उंची, रुंदी आणि आतला उकाडा यांची कल्पना पत्रकातच लिहा. उतरणं ऐच्छिक ठेवा आणि न उतरणाऱ्यांसाठी वर वेगळा गाइड ठेवा.

सहा. हुए, हिएन लुओंग आणि विन्ह मोक असा एक दिवस निदान काही गटांना जोडून पाहा. वाढीव खर्च वेगळा लिहा. बा ना हिल्सऐवजी हा दिवस घेण्याची मुभा द्या आणि किती जण घेतात ते मोजा.

यातली एकही मागणी अशी नाही की ज्यासाठी व्हिएतनाममध्ये कोणाची परवानगी लागावी. पाचव्या मागणीतली भुयाराची कल्पना पत्रकात लिहायला तर चार ओळींच्या शाईपलीकडे काही खर्चही नाही. उन्हाळी सहलींची पत्रकं तुम्ही दिवाळीच्या आसपास छापायला देता. पुढच्या पत्रकात यातलं काय आलं ते मी बघणार आहे, आणि ज्या संस्थेच्या पत्रकात विन्ह मोकचा दिवस दिसेल तिच्याकडे माझं आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या इच्छुकांचं नाव नोंदवणार आहे. दोन पैसे जास्त पडले तरी चालतील. घासाघीस खरेदीच्या वेळी करू, इथे करणार नाही.

कळावे,

आपल्या गटातून व्हिएतनाम पाहून आलेला
एक सहप्रवासी